जुना दांडा फेकू नका : कोलकात्याच्या ऑर्किडांची दोनशे वर्षं

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल, ही मालिका इतिहासाची की बागकामाची? आज दोन्ही. कारण प्रश्न बागेतला आहे आणि त्याचं उत्तर इतिहासात आहे.

प्रश्न अगदी साधा. ऑर्किड, म्हणजे ज्याला मराठीत आमरी म्हणतात, त्यातला डेंड्रोबियम नावाचा प्रकार बऱ्याच जणांकडे असतो. उसासारखे पेरं असलेले त्याचे दांडे, त्यांना पानं, आणि मग फुलं. फुलं संपली, पानं गळाली, की कुंडीत उरतात ते पिवळट, सुरकुतलेले, उघडे दांडे. बघवत नाहीत. माणूस कात्री घेतो आणि साफ करून टाकतो. मी कोलकात्यात राहायला आलो तेव्हा इथल्या गच्च्यांवर एक गोष्ट पाहिली. इथले जाणते माळी त्या उघड्या दांड्यांना हात लावत नाहीत. उलट अशाच एखाद्या दांड्याच्या मधल्या पेरावर फुटलेलं दोन पानांचं इवलंसं रोप दाखवतात आणि म्हणतात, थांबा, याला मुळं येऊ द्या.

त्या इवल्या रोपाला जगभरचे ऑर्किडवाले हवाई बेटांवरचा शब्द वापरतात, ‘केइकी’. अर्थ, लेकरू. आपल्याकडे केळीच्या पिलांना मुनवे म्हणतात. पण मुनवा बुडातून येतो आणि हे लेकरू अधांतरी, आईच्या अंगावर फुटतं. मी त्याला पिल्लूच म्हणेन. सांगली-कोल्हापूरकडच्या मंडळींना हे समजायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. उसाच्या प्रत्येक पेरावर डोळा असतो, दोन डोळ्यांची टिपरी जमिनीत लावली की नवा ऊस फुटतो. डेंड्रोबियमचं तेच. दांडा जुना झाला, तरी त्याच्या पेरावरचा डोळा जिवंत असू शकतो.

आता जाऊ कोलकात्याच्या पलीकडच्या तीरावर, हावड्याच्या शिवपूरला. 1787 मध्ये रॉबर्ट किड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या सूचनेवरून कंपनी सरकारनं इथे हुगळीच्या काठी वनस्पती उद्यान सुरू केलं. किडच्या डोक्यात फुलं नव्हती. त्याला सागवान, मसाले आणि दुष्काळात खायला येतील अशी झाडं हवी होती. 1793 मध्ये किड वारला आणि उद्यान विल्यम रॉक्सबर्ग या डॉक्टरकडे आलं. तो आधी आंध्रच्या किनाऱ्यावर सामलकोटला होता. तिथे त्यानं हिंदी चित्रकारांकडून झाडांची चित्रं काढून घेतली होती. त्यांतली निवडक चित्रं लंडनला छापली जाऊ लागली आणि 1795 च्या भागात एक ऑर्किड आलं : लांब लोंबते दांडे, त्यांवर फिकट गुलाबी फुलं, आणि पान एकही नाही. रॉक्सबर्गनं त्याचं नाव ठेवलं ‘अफायलम’, म्हणजे पर्णहीन. आज ते डेंड्रोबियम अफायलम म्हणून ओळखलं जातं. जुन्या पुस्तकांत आणि नर्सरीवाल्यांच्या तोंडी ‘पिएरार्दी’ हे दुसरं नावही सापडतं.

हे नाव मला फार आवडतं. आपण ज्या अवस्थेत दांडा मेला समजून कापतो, नेमक्या त्याच अवस्थेवरून या झाडाचं बारसं झालं. पावसाळ्यात दांडा वाढतो, थंडीत पानं टाकतो, उन्हाळ्याच्या तोंडाशी उघड्या पेरांवर फुलतो. पान नसणं हा त्याचा आजार नव्हे, ऋतू आहे.

नावावरून आणखी एक आठवलं. ‘वँडा’ हे ऑर्किडच्या दुसऱ्या एका कुळाचं नाव कोलकात्याहूनच जगात गेलं. सर विल्यम जोन्स, इथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि एशियाटिक सोसायटीचे संस्थापक, त्यांनी झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीसाठीचा संस्कृत शब्द उचलला. पुढे 1820 मध्ये रॉबर्ट ब्राऊननं तो शास्त्रीय नाव म्हणून पक्का केला. गंमत अशी की त्या शब्दाचा रोख बांडगुळाकडे आहे. बंगालीत आजही ऑर्किडला सर्रास ‘परगाछा’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या झाडावरचं झाड. पण ऑर्किड यजमान झाडाचा रस पीत नाही. ते फक्त बसायला जागा घेतं. पाणी पावसातून आणि हवेतून, खत सालीवरच्या कुजक्या पाल्यातून. ते उधार घेत नाही म्हणूनच त्याला स्वतःची साठवण लागते, आणि ती साठवण म्हणजे हे जुने दांडे. नव्या कोंबाला सुरुवातीची शिदोरी तिथून मिळते.

1820 हे साल आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. त्या सप्टेंबरात विल्यम केरीनं कोलकात्यात कृषी आणि उद्यानविद्या संस्था स्थापन केली, जी आज अलीपूरला आहे. हा तोच केरी, ज्यानं 1805 मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी भाषेचं व्याकरण छापलं आणि 1810 मध्ये मराठी शब्दकोश काढला. फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठी शिकवायचा आणि वैजनाथ पंडित त्याचे साहाय्यक होते. मराठी छपाईच्या इतिहासात आपण त्याला भेटतो, पण त्याची दुसरी वही बागेची होती हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. रॉक्सबर्गनं शिवपूरच्या झाडांची जी यादी केली, ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’, तीही 1814 मध्ये केरीनंच श्रीरामपूरला छापली.

इथपर्यंत गोष्ट सभ्य माणसांची आहे. पुढची नाही.

1835 मध्ये इंग्लंडच्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरला ऑर्किडांचं वेड लागलं होतं. त्यानं जॉन गिब्सन नावाच्या वीस वर्षांच्या माळ्याला कोलकात्याला पाठवलं, नव्या गव्हर्नर जनरल ऑकलंडच्याच जहाजातून. 1836 च्या मार्चमध्ये तो पोचला. शिवपूरचे प्रमुख तेव्हा नॅथॅनिएल वॉलिक. त्यांनी सांगितलं, खासी टेकड्यांत जा. गिब्सन चेरापुंजीला गेला, महिनोन्‌महिने झाडं गोळा केली, शिवपूरला आणली आणि 1837 मध्ये काचेच्या बंद पेट्यांतून घेऊन गेला. ऑर्किडांचे शंभराहून अधिक प्रकार होते त्यात. डेंड्रोबियम गिब्सोनी, डेंड्रोबियम डेव्होनियानम ही नावं त्या मोहिमेची आठवण. नावं कुणाची, पाहा : एक माळ्याचं, एक मालकाचं. खासी टेकड्यांत झाडावर चढून ती उतरवणाऱ्याचं एकही नाही. वॉलिकच्या पुस्तकातल्या विष्णुप्रसाद आणि गोराचांद या चित्रकारांची नावं तरी राहिली. शिवपूरच्या माळ्यांची नावं शोधायला बसलो तर मला हाती काहीच लागत नाही.

शिवपूर हे तेव्हा ऑर्किडांचं धर्मशाळेसारखं ठिकाण झालं होतं. डोंगरातून झाडं यायची, थोडी सावरायची, जहाजावर चढायची. 1850 मध्ये जोसेफ हूकर खासी टेकड्यांत होता, तोच पुढे क्यू उद्यानाचा प्रमुख झालेला. त्यानं निळ्या वँडाची सात माणसांच्या डोक्यावरची ओझी क्यूसाठी गोळा केली. त्यांतली फारच थोडी जिवंत पोचली. त्याच्याबरोबर जागा पाहायला एका गृहस्थानं आपला माळी पाठवला होता. त्या गृहस्थानं एकच ओझं इंग्लंडला धाडलं. तेही वाईट अवस्थेत पोचलं आणि तरी 300 पौंडांना विकलं गेलं. सगळी रोपं जगली असती तर हजार पौंड आले असते, असा हिशेब हूकरनं आपल्या प्रवासवर्णनात मांडला आहे. टेकड्यांतल्या वाटांलगतचं ऑर्किड ओरबाडलं जातंय याची खंतही त्यालाच होती, आणि एका हंगामात किती कमावता येईल हे लिहिणाराही तोच. माणसं अशीच असतात, एका हातानं हळहळतात आणि दुसऱ्या हातानं बेरीज करतात.

आता मला खटकतं ते सांगतो. हूकरच्या त्या हंगामानंतर दोनच वर्षांनी, 1852 मध्ये, बी. एस. विल्यम्स या इंग्रज माळ्याचं ऑर्किड-संगोपनाचं पुस्तक आलं. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. त्यात डेंड्रोबियम वाढवण्याची रीत स्पष्ट आहे : फुलून गेलेला जुना दांडा कुंडीभोवती वाकवा, किंवा कापून ओल्या शेवाळावर सावलीत आडवा ठेवा, ऊब आणि ओल द्या, पेरांवर रोपं फुटतील, त्यांना मुळं आली की वेगळी करा. म्हणजे एका झाडाची दहा झाडं कशी करायची हे माहीत होतं, छापलेलं होतं, हौशी माणसाला परवडणारं होतं. आणि तरी पुढची पन्नास वर्षं बोटी भरभरून जंगल इंग्लंडला जात राहिलं.

का? पिल्लाला फुलायला दोन-तीन वर्षं लागतात. जंगलातून आणलेला मोठा झुबका पुढच्याच वसंतात फुलतो. लिलावात किंमत झुबक्याला. मजूर स्वस्त, जंगल फुकट, आणि वाटेत मेलेलं झाड खर्चात धरायचंच नाही. दक्षिण अमेरिकेत तर याहून भयंकर. अल्बर्ट मिलिकन नावाच्या संग्राहकानं 1891 च्या आपल्या पुस्तकात स्वतःच सांगितलं आहे की कोलंबियात दहा हजार ऑर्किडांसाठी सुमारे चार हजार झाडं पाडली. ऑर्किडपर्यंत चढण्यापेक्षा झाड आडवं करणं सोपं, म्हणून.

कुणी म्हणेल, बी पेरायचं की. ऑर्किडची शेंग फोडली तर धुळीसारखं लाखो बी निघतं, पण त्यात अन्नाचा साठाच नसतो. ते रुजायला विशिष्ट बुरशीची सोबत लागते हे फ्रान्सच्या नोएल बर्नारला 1899 मध्ये उमगलं. बुरशीशिवाय, साखर घातलेल्या खळीवर बाटलीत बी रुजवण्याची युक्ती अमेरिकेच्या ल्यूइस नडसननं 1922 मध्ये दिली. कोंबाच्या टोकाच्या चिमूटभर पेशींपासून रोपं करण्याची वाट 1960 मध्ये जॉर्ज मोरेलनं दाखवली. आज फुलवाल्याकडे थायलंडचे जांभळे-पांढरे डेंड्रोबियम स्वस्तात दिसतात त्याचं मूळ तिथे आहे. पण ही सगळी विसाव्या शतकाची मिळकत. त्याआधीची शंभर वर्षं बागवानाच्या हाती भरवशाचं असं दोनच : झुबका फोडून वाटणं आणि जुन्या दांड्यावरचं पिल्लू.

कोलकात्यात हे कौशल्य जास्त गरजेचं होतं, कारण इथली बाग वारंवार उद्ध्वस्त झाली. 1842 मध्ये वॉलिक रजेवर गेले तेव्हा विल्यम ग्रिफिथनं हंगामी कारभारात बागेची शास्त्रशुद्ध मांडणी करायची म्हणून जुनी सावली देणारी झाडंच तोडली. वॉलिक परत आले ते उजाड माळावर. ऑर्किडला सावली म्हणजे छप्पर. ग्रिफिथ स्वतः ऑर्किडांचा मोठा जाणकार होता, हे यातलं दुर्दैव. मग 5 ऑक्टोबर 1864 चं चक्रीवादळ. हुगळीचं पाणी बागेत शिरलं, हजाराहून अधिक झाडं कोसळली. 1867 मध्ये पुन्हा वादळ. 1871 मध्ये जॉर्ज किंग आले आणि त्यांनी तळी खणून, रस्ते आखून आज दिसते ती बाग घडवली. याच किंगनी रॉबर्ट पँटलिंगबरोबर 1898 मध्ये सिक्कीम-हिमालयातल्या ऑर्किडांवरचा ग्रंथ काढला, साडेचारशेच्या आसपास चित्रांचा. पँटलिंग मंगपूच्या सिंकोना मळ्यावर होता. लेपचा संग्राहक डोंगरातून जिवंत झाडं त्याच्या बागेत आणायचे आणि तो ती फुलल्यावर चितारायचा.

दरम्यान 1875 मध्ये केरीच्या त्या संस्थेचे उपाध्यक्ष राहिलेल्या सॅम्युएल जेनिंग्ज यांनी ‘भारतात ऑर्किड कसे वाढवावेत’ या विषयावर सचित्र पुस्तक प्रसिद्ध केलं. मला ते वळण महत्त्वाचं वाटतं. तोवरची पुस्तकं लंडनच्या काचघरासाठी होती, कोळसा किती जाळावा हे सांगणारी. कोलकात्याच्या माणसाचा प्रश्न उलटा : ऊन कसं आडवायचं आणि पावसाळ्यात कुजू कसं द्यायचं नाही.

आणि इथे एक स्थानिक गंमत आहे. डेंड्रोबियम नोबिले, सिक्कीमचं राज्यफूल, डोंगरात कोरड्या थंडीत कळ्या धरतं. तेच कोलकात्याच्या गच्चीवर आणलं, रात्री तेवढ्या गार नाहीत, आणि मालक प्रेमानं पौष-माघातही रोज पाणी आणि खत घालतोय. मग डोळ्याला वाटतं, वाढायचेच दिवस आहेत. कळीऐवजी पिल्लू येतं. फुलं हवी असणारा वैतागतो. रोपं हवी असणाऱ्याला मात्र घरबसल्या बेणं मिळतं. फुलं हवीत तर कार्तिकापासून पाणी आटवा, नत्राचं खत बंद करा, झाडाला सकाळचं ऊन द्या. अफायलम या बाबतीत सोपं, मैदानातल्या हवेतही फुलतं आणि पिल्लंही सढळ देतं.

करायचं कसं, तेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल इतिहास सांगून पळाला.

दांडा दाबून पाहा. हिरवा किंवा पिवळट पण घट्ट असेल तर राहू द्या, पान असो नसो. नव्या कोंबामागे तीन-चार जुने दांडे असावेत. तपकिरी, पोकळ, दाबल्यावर कागदासारखा लागणारा दांडा मेलेला. तो बुडातून काढा. ज्या डोळ्यावर फूल येऊन गेलं तिथून पुन्हा फूल येत नाही, पण त्याच दांड्यावर न फुललेले डोळे असतात आणि पिल्लं तिथून येतात.

पिल्लाला घाई नको. दोन-तीन इंच लांबीची तीन-चार मुळं येईपर्यंत ते आईकडेच राहू दे, वरून पाण्याचा फवारा पुरे. मग पातं विस्तवावर धरून, गार करून, दांड्याच्या थोड्याशा तुकड्यासकट कापा. इथले माळी जखमेवर हळद चोपडतात, तेवढी पुरते. मुळांना मात्र लावू नका. छोटी कुंडी, खाली विटेचे तुकडे, वर लोणारी कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे. माती अजिबात नको. महिनाभर सावली आणि खताला सुट्टी. कोलकात्यात ज्येष्ठ-आषाढ हा काळ उत्तम, कोकणातही तोच; विदर्भ-मराठवाड्यात उन्हाचा तडाखा ओसरेपर्यंत थांबा.

दांडा मोडलाच, तर तीन-तीन पेरांच्या टिपऱ्या करा आणि ओल्या वाळूवर किंवा सोडणाच्या भुश्यावर आडव्या ठेवा, पुरू नका. दीड-दोन महिन्यांत डोळा हलतो. काही टिपऱ्या कुजतात, ते धरूनच चालायचं.

पातं भाजायला का सांगितलं? कारण पिल्लू म्हणजे आईचीच प्रत, तिच्या रोगासकट. ऑर्किडांतले विषाणू कात्रीवरून एका झाडाचे दुसऱ्यावर जातात आणि त्यांना औषध नाही. पानावर चट्टे असलेल्या झाडाची पिल्लं कितीही फुकट मिळाली तरी घेऊ नका. आणि हा उपाय सगळ्यांना लागू नाही. वँडाला असे दांडे नसतात, पिल्लं क्वचित येतात, म्हणून जंगलातून उपटलेला वँडा भरून निघत नाही. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी तशीच.

हे सगळं आज का सांगतोय? हूकरची ती ओझी अजून थांबलेली नाहीत. 1991 च्या दुरुस्तीनं निळा वँडा, लाल वँडा आणि स्लिपर ऑर्किड यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं. ऑर्किडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार सायटिस करारानं बांधलेला आहे. तरीही रविवारच्या एका बाजारात मी गोणपाटावर पसरलेले झुबके पाहिले आहेत. मुळं तुटलेली, त्यांना सालीचे ढलपे आणि दगडफूल चिकटलेलं, पानं किड्यांनी खाल्लेली. ही जंगलची खूण. बागेत वाढलेल्या रोपाची मुळं कोळशाला, सोडणाला किंवा कुंडीच्या आकाराला धरून असतात. विकणारा गरीब असतो, भाव पडलेला असतो आणि घेणाऱ्याला वाटतं आपण झाड वाचवतोय. मैदानात त्यांतली बरीचशी वर्षभरात मरतात आणि पुढच्या रविवारी नवी गोणी उघडते. त्यापेक्षा शेजारच्या गच्चीवरचं एक पिल्लू मागून आणा.

मागायला संकोच वाटतो? देणाऱ्याचाही त्यात फायदा आहे. 20 मे 2020 ला अम्फान आलं, शिवपूरच्या बागेत असंख्य झाडं पडली, जुन्या महावटालाही इजा झाली. शहरातल्या गच्च्यांवरच्या जाळ्या आणि मांडव तर कागदासारखे उडाले. नंतरच्या पावसाळ्यात आमच्या ओळखीतल्या कित्येकांनी स्वतःचीच झाडं परत मिळवली, आधी ज्यांना पिल्लं दिली होती त्यांच्याकडून. ती ‘तशीच’ झाडं नव्हती, तीच होती. डोळ्यातून फुटलेल्या रोपाचं वय मोजायचं तर आईपासून, तिच्या आईपासून मोजावं लागतं.

म्हणून एक काम जरूर करा, कुंडीला पट्टी लावा. जातीचं नाव, पिल्लू कुणाकडून आलं ते, आणि साल. रॉक्सबर्गच्या 1814 च्या त्या यादीत झाडाच्या नावापुढे हीच माहिती आहे : कुणी दिलं, कधी आलं, कधी फुलतं.